ज्योतीने मला आतून नवीन केलं

मी एक जुनी मिनीबस आहे, पण माझ्या आत पाऊल टाकलंत तर तुम्हाला हे खरं वाटणार नाही. आत सगळं पांढरंशुभ्र आहे. बटण दाबलं की छतातून मऊ उजेड पडतो, गादीला अजून दुकानाचा वास आहे आणि फ्रिजच्या दारावरचा पातळ प्लास्टिकचा कागद कोणी काढलेलाच नाही. जबलपूरच्या महाराजपुरातल्या आमच्या अंगणात जो येतो तो दारातून डोकावतो आणि म्हणतो, "वा, क्या बात है!" मित्रांनो, कौतुक कोणाला आवडत नाही? मलाही फार आवडायचं. आता मात्र कोणी "वा" म्हटलं की मला रडू येतं. का, ते सांगते.

माझा जन्म त्र्याऐंशी सालचा. जबलपूरच्या एका कारखान्यातल्या कामगारांना सकाळी घरून न्यायचं आणि संध्याकाळी घरी सोडायचं, हे माझं पहिलं काम. पंचवीस आसनं होती आणि बसायची चाळीस माणसं. सतरा वर्षं मी ते ओझं ओढलं, त्यामुळे माझ्या पाठीच्या कण्याबद्दल मला थोडा अभिमान आहे.

त्या चाळीस माणसांत भाऊराव होते. शहरातल्या गढा या वस्तीत चढायचे आणि तिसऱ्या ओळीत खिडकीशी बसायचे. कारखान्यात तयार झालेला माल तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. ते कसं तपासायचे, हे मी त्यांच्या सोबत्यांकडून रोज ऐकायची. डोळे मिटून ते पत्र्यावरून तळहात फिरवायचे आणि एका जागी थांबायचे. तिथे केसाएवढा तरी खड्डा असायचाच. पैज लावणारे सगळे हरले. बसल्या बसल्या त्यांचा हात माझ्याही खिडकीच्या कडेवरून फिरत असायचा. एकदा ड्रायव्हरला म्हणाले, "भैया, पीछे का बायाँ चक्का कुछ बोल रहा है, देख लेना." खरंच त्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं. माझं दुखणं न सांगता कळणारा तो पहिला माणूस.

दोन हजार साली कारखान्याने मला लिलावात काढलं. भंगारवाले आले, माझ्याभोवती फिरले आणि बकरा बघावा तसे मला बघू लागले. त्याच वर्षी भाऊराव निवृत्त झाले होते. त्यांनी हात वर केला आणि शेवटपर्यंत खाली घेतला नाही. सोबती हसले. "भाऊराव, पेन्शन में बस चलाओगे?"

"बस नहीं," ते म्हणाले, "घर बनाऊँगा."

महाराजपुरात त्यांनी नुकतं दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. मी फाटकातून आत शिरले तेव्हा त्यांची बायको, विनताबाई, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "लोकं रिटायर झाल्यावर देवळात जातात," त्या म्हणाल्या. "तुम्ही भंगारात गेले!"

"तुले नर्मदा पाहाची होती ना, उगमापासून? बसून पाहू. लेटून पाहू. चहा घेत घेत पाहू."

विनताबाईंना संधिवात होता. गुडघे वाकत नसत आणि बोटं मिटत नसत. रेल्वेचा, एस.टी.चा प्रवास त्यांना झेपेनासा झाला होता. म्हणून तर भाऊरावांच्या डोक्यात हे चाकांवरचं घर आलं होतं. हे कळलं आणि विनताबाईंनी कमरेवरचे हात काढले.

मला आतून रिकामं करण्याची ती पहिली वेळ. आसनं निघाली, फरशीचा पत्रा निघाला, पण मला दुखलं नाही. कारण भाऊराव प्रत्येक गोष्ट विनताबाईंना विचारून करायचे. टेप त्यांच्या खिशात असायचा, मापं मात्र ते बायकोच्या अंगावर घ्यायचे. तिला माझ्या आत उभं करायचे आणि खडूने खूण करायचे. कोपराच्या उंचीवर ओटा. खांद्याच्या उंचीवर डबे ठेवायची फळी. "आता हात वर कर. जास्त नको ताणू, सहज जाईल तेवढाच." तिची बोटं जिथे टेकली तिथून त्यांनी दारापासून पलंगापर्यंत एक लोखंडी दांडी बसवली. चालत्या गाडीत गुडघ्यांनी दगा दिला तरी दांडी धरून तिला सगळीकडे जाता यावं, यासाठी. कपाटांना सागवानाच्या जाडजूड मुठी केल्या, न मिटणाऱ्या बोटांनाही धरता येतील अशा. दारापासून ओट्यापर्यंत तिची तीन पावलं, ओट्यापासून पलंगापर्यंत चार. आठ महिने चाललं होतं हे. लोकांनी भाऊरावांना वेड्यात काढलं आणि मला वेड्याची बस म्हटलं. म्हणू देत.

मग सुखाची बारा वर्षं आली. थंडी पडली की आम्ही निघायचो. अमरकंटक, मंडला, पचमढी, खाली रामटेक, चिखलदरा. रस्त्याच्या कडेला मी थांबले की विनताबाई स्टोव्ह पेटवायच्या आणि पोह्यांच्या वासाने आजूबाजूची माणसं गोळा व्हायची. मंडल्याला एक पोलीस कागदपत्रं तपासायला चढला तो चहा, पोहे आणि पुन्हा चहा घेऊन उतरला. कागदपत्रं तपासायची राहूनच गेली. दोघांचं भांडणही व्हायचं. "एवढुसं घर," विनताबाई म्हणायच्या, "रुसून माणसानं जावं कुठं?" भाऊराव ब्रेक दाबायचे. "घे, थांबवली. जा, त्या झाडाखाली रुसून ये." त्या खरंच उतरायच्या आणि पाच मिनिटांत हसत परत यायच्या. मला वाटायचं, असंच चालणार. गाड्यांना पुढचं दिसत नाही.

दोन हजार तेरा साली विनताबाई आठ दिवसांच्या आजारात गेल्या. त्यांची मुलगी ज्योती शहरातल्या विजय नगरला तिसऱ्या मजल्यावर राहते, शाळेत शिकवते. ती वडिलांना घेऊन जायला आली, पण भाऊराव हलले नाहीत. दोन खोल्या त्यांनी भाड्याने दिल्या आणि स्वतः माझ्यात राहायला आले. ओट्यावरच्या भिंतीवर, दारातून शिरल्यावर डाव्या हाताला, त्यांनी विनताबाईंचा एक छोटा फोटो लावला. बाहेरून आले की आधी उजव्या हाताने दांडी धरायची, मग डावीकडे वळून हात जोडायचे आणि म्हणायचं, "आलो गं." हा त्यांचा नेमच झाला.

दोन वर्षांनी जे झालं ते माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही. आम्ही दोघेच मंडला रोडवरून परत येत होतो. डावीकडून एक सायकलवाला रस्त्यावर आला. मला तो स्वच्छ दिसत होता. भाऊरावांना दिसला नाही. तो जोरात ओरडला तेव्हा ब्रेक लागला आणि माझा बंपर त्याच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबला. सायकलवाला शिव्या देत निघून गेला. भाऊराव स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ बसून राहिले.  मग बैलगाडीच्या वेगाने त्यांनी मला घरी आणलं, अंगणात उभं केलं आणि किल्ली खिळ्याला टांगली. ज्योतीला सांगितलं, "क्लच जड झाला आहे. गुडघे दुखून राहिले." त्यानंतर त्यांनी मला कधीच चालवलं नाही.

नेत्रशिबिरात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली दृष्टी परत येत नाही, पण थेंब नेमाने घातले तर उरलेली टिकेल, असं ते म्हणाले होते. भाऊरावांनी घरी येऊन हे फोटोला सांगितलं आणि वर म्हणाले, "ज्योतीले नको सांगू. कळलं तर तिसऱ्या मजल्यावर नेऊन बसवील मले." थेंब काही महिने चालले. मग ते संपले. पुन्हा आणायचे तर कोणीतरी सोबत हवं, आणि सोबत हवी तर कारण सांगायला हवं. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. मित्रांनो, भाऊरावांवर माझा फार जीव आहे, पण या एका गोष्टीसाठी मला त्यांचा राग येतो. कारखान्यात दुसऱ्याची केसाएवढी खोट ते लपू द्यायचे नाहीत, आणि स्वतःची एवढी मोठी खोट लपवून बसले.

आणि ती लपली, कारण मी होते. बायकोच्या गुडघ्यांसाठी केलेली दांडी आता त्यांच्या डोळ्यांच्या कामी आली. तीन पावलं आणि ओटा, चार पावलं आणि पलंग. फळीच्या कडेला त्यांनी कानशीने खाचा केल्या. एक खाच मिठाच्या डब्याखाली, दोन साखरेच्या, तीन चहाच्या. गॅसच्या बटणाला दोरा बांधला, आच कुठे मध्यम होते ते कळावं म्हणून. माझ्या दारापासून अंगणातल्या नळापर्यंत एक दोरी ताणली आणि तिच्यावर दोन पंचे वाळत घातले. सगळ्यांना वाटायचं, कपड्यांची दोरी. हळूहळू उजेड आणि अंधार यांतला फरकही त्यांना कळेनासा झाला, तरी माझ्या आत ते डोळस माणसासारखे वावरत होते. चहा करायचे, खिचडी टाकायचे, भांडं घासून पालथं घालायचे. कधी काही सांडलं नाही. माझ्या आयुष्यात मी अनेक माणसं वाहिली, पण एका माणसाचे डोळे होण्याचं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि ते मी मनापासून केलं.

ज्योती दर रविवारी यायची. तिच्या स्कूटीचा आवाज फाटकाशी आला की भाऊराव पलंगावर बसून पेपर उघडायचे. एकदा ती हसली. "बाबा, हा तर मागच्या संडेचा पेपर आहे!"

"हाव, सावकाश वाचून राहिलो. घाई काय आहे?"

ज्योती डबे ठेवायची, चादर बदलायची आणि इकडेतिकडे बघून उसासा टाकायची. तिला दिसत होतं ते वेगळंच होतं. फरशीचा पत्रा गंजला होता, छत एका कोपऱ्यात गळत होतं, लाकडाचं पॉलिश गेलं होतं. वडील गाडी चालवत नाहीत, कुठे जात नाहीत, एका जागी बसून असतात. तिने आपल्या मनाशी याचा अर्थ लावला. जुनं पाहून पाहून बाबांना आई आठवते, म्हणून ते खचले आहेत. गाडीच नवीन करून टाकली तर? ड्रायव्हर ठेवून बाबांना पुन्हा अमरकंटकला नेलं तर? मुलगी लाखात एक आहे. वाईट हेतू तिच्या मनाला कधी शिवला नाही, म्हणून तर मला आजही तिच्यावर चिडता येत नाही.

दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत अमरावतीला पुतणीचं लग्न निघालं. पुतण्या अच्युत भाऊरावांना न्यायला आला. भाऊराव जायला तयार झाले, कारण लग्नघरात म्हाताऱ्या माणसाला कोणी ना कोणी हात धरून नेतंच, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. शाळेच्या परीक्षा म्हणून ज्योती थांबली. निघताना भाऊरावांनी फोटोला हात जोडले. "पंधरा दिवसांनी येतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ज्योती श्यामसुंदरला घेऊन आली. गढ्यात त्याचं सुतारकामाचं दुकान आहे, माणूस हुशार आणि हाताचा साफ. त्याने आत शिरून दांडीला लोंबकळून पाहिलं, फळ्यांवर टिचकी मारली आणि म्हणाला, "दीदी, जे तो असली सागौन है. ऐसा काम अब कोई नहीं करता. पॉलिश करवा लो, निकलवाओ मत."

"नाही भैया, सब निकालना है. पुराना कुछ नहीं चाहिए."

मग तो फळीशी वाकला आणि कडेवरून अंगठा फिरवला. "अच्छा दीदी, जे जगह-जगह खाँचे काहे बने हैं?"

मी मनातल्या मनात ओरडले. बघ ज्योती, नीट बघ. एक खाच, दोन खाचा, तीन खाचा. त्यांच्यावरचे डबे बघ. गॅसचा दोरा बघ, दारातली दोरी बघ.

"बाबांची फॅक्टरीतली आदत आहे," ज्योती हसून म्हणाली. "कानस हातात आली की काहीतरी घासत बसतात."

पटाशी लागली. आधी मुठी निघाल्या, मग कपाटं, मग ओटा. जुने खिळे सरळ येईनात तेव्हा लाकूड फोडून काढलं. पलंगाच्या फटीतून विनताबाईंचे केसांचे आकडे निघाले, तेरा-चौदा असतील. ज्योती ते ओंजळीत घेऊन थोडा वेळ माझ्या पायरीवर बसली आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "म्हणूनच काढायचं आहे सगळं." दांडी सगळ्यात शेवटी निघाली. तिचे बोल्ट भाऊरावांनी असे आवळले होते की ते फिरेनात. श्यामसुंदरने करवत लावली. दोन्ही टोकं माझ्या अंगात राहिली आणि मधली दांडी दाणकन खाली पडली. दुपारी भंगारवाला हातगाडी घेऊन आला आणि सगळं भरून नेलं. अंगणातली दोरीही ज्योतीने सोडली. कपडे वाळत घालायला घडीचा स्टँड आणला होता ना!

खरं सांगायचं तर पुढचे दिवस मला आवडले. लाज वाटते, पण खोटं बोलणार नाही. गंज खरवडून, खड्डे बुजवून आतबाहेर रंग लावला, छताची गळती बंद केली, नवी फरशी आली. म्हाताऱ्या बाईला कोणी नवं लुगडं नेसवावं आणि तिने आरशात पाहून मुरकावं, तसं माझं झालं. पलंग उजवीकडून मागे गेला, ओटा दुसऱ्या बाजूला आला. जुन्या ओट्याच्या जागी फ्रिज उभा राहिला. नव्या कपाटांना मुठी नव्हत्या. गुळगुळीत पांढरी दारं, एका ठरावीक जागी दाबलं की उघडणारी. ज्योतीने प्रत्येक माप टेपने घेतलं, दोनदा तपासलं आणि कुठे चूक राहू दिली नाही. विनताबाईंचा फोटो तिने मोठा करून घेतला, चांगला दीड हात उंच. त्याला चंदनाचा हार घातला आणि दारातून शिरल्यावर उजव्या हाताला, वर खास दिवा देऊन लावला. बाबा आत आले की आधी आई दिसली पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं.

भाऊराव परत आले ते दुपारी तीनच्या सुमारास. अच्युत त्यांना फाटकात सोडून स्टेशनवर परत गेला. ज्योती धावत पुढे झाली. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. एका हातात फोन होता, बाबांचा चेहरा टिपायला.

"बाबा, सरप्राइज आहे. आधी डोळे मिटा. मिटा ना!"

भाऊरावांनी डोळे मिटले. तिने त्यांचा हात धरून पायरी चढवली आणि आत उभं केलं.

"हं, आता उघडा!"

त्यांनी डोळे उघडले. रंगाचा आणि सरसाचा वास त्यांच्या नाकात गेला असणार, कारण त्यांच्या नाकपुड्या हलल्या. उजवा हात सवयीने वर गेला. तिथे काही नव्हतं. हात हवेत थोडा पुढे गेला, थोडा मागे आला. तीन पावलं, चार पावलं, सागवानी मुठी, सगळं गेलं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मित्रांनो, मी चाळीस माणसांच्या ओझ्याने कधी वाकले नाही, पण तो हवेतला हात मला पाहवेना.

त्यांनी तो खाली घेतला आणि हसले. "वा! काय मस्त केलं बेटा. एकदम झकास!"

"खरंच आवडलं?"

"हाव तर. ओळखूच नाही येऊन राहिलं."

आणि मग ते नेमाप्रमाणे डावीकडे वळले, दोन्ही हात जोडले, मान खाली घातली आणि हळूच म्हणाले, "आलो गं."

समोर फ्रिज होता.

ज्योतीचा फोनवाला हात खाली आला. तिने फ्रिजकडे पाहिलं, उजवीकडच्या आईच्या मोठ्या फोटोकडे पाहिलं, वर लावलेल्या दिव्याकडे पाहिलं आणि फ्रिजपुढे हात जोडून उभ्या असलेल्या आपल्या बाबांकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली.  "बाबा, आई इकडे आहे."

भाऊराव क्षणभर तसेच थांबले. मग तिच्या आवाजाच्या दिशेने वळले आणि पुन्हा हात जोडले. आता त्यांच्यासमोर खिडकी होती.

 ज्योतीने त्यांना धरून नव्या गादीवर बसवलं आणि स्वतः फरशीवर त्यांच्या पायांशी बसली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाले असतील. पूर्ण अंधार."

"काहून नाही सांगितलं बाबा?"

"सांगितलं असतं तर तू मले इथं राहू दिलं असतं काय?"

 ज्योतीने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. भाऊराव तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. "रडू नको. तू चांगलंच केलं," एवढंच म्हणत होते.

त्याच संध्याकाळी ती गढ्याला धावली. श्यामसुंदर तिच्यासोबत भंगारवाल्याकडे गेला. दांडीचे तुकडे होऊन ते वितळायला गेले होते आणि लाकूड हॉटेलवाल्याने भट्टीसाठी नेलं होतं. श्यामसुंदरने चांगलं सागवान म्हणून एक फळी आपल्यासाठी ठेवून घेतली होती, तेवढी तो घेऊन आला. "माफ करना दीदी, मैंने पूछा तो था," तो म्हणाला. ज्योतीने त्या फळीच्या कडेवरून बोट फिरवलं. एक खाच, दोन खाचा, तीन खाचा. ती फळी छातीशी धरून ती माझ्या पायरीवर किती वेळ बसून होती.

ती रजा घेऊन आठ दिवस इथे राहिली. बाबांचा हात धरून ती त्यांना नवं घर शिकवत होती. इथे गॅस, इथे नळ, इथे दाबलं की कपाट उघडतं. भाऊराव मुकाट्याने शिकत होते. पण ऐंशीच्या उंबरठ्यावर हातांना नवीन पाठ होईना. गुळगुळीत दारांवरून त्यांची बोटं घसरत राहायची आणि दाबायची जागा सापडायची नाही. सातव्या दिवशी मनगट भाजलं. त्यांनी ते बाहीखाली लपवलं आणि ज्योतीने ते पाहिलं.

"बाबा, मी सगळं पुन्हा पहिल्यासारखं करून देते," ती म्हणाली. "श्यामसुंदरला बोलावते. दांडी, ओटा, मुठी, सब कुछ. तुम्ही फक्त माप सांगा."

"माप मले कुठं माहीत आहे?" भाऊराव म्हणाले. "ते तुझ्या आईचं होतं. ती उभी राहायची, मी खूण करायचो. आता कोणाले उभं करशील?"



दुसऱ्या दिवशी ते स्वतःहून म्हणाले, "चलो, तुझ्याकडे जाऊ." पिशवीत दोन धोतरं, दोन सदरे आणि तो जुना छोटा फोटो. ज्योतीने त्यांना अंगणात उतरवलं. ते मला टेकून थांबले आणि माझ्या बाहेरच्या पत्र्यावरून तळहात फिरवू लागले, कारखान्यात फिरवायचे तसा, पुढपासून मागपर्यंत. माझी एकही खोट त्यांना सापडली नाही. रंग नवा होता.

"छान दिसत असशील आता," ते मला म्हणाले. मग मुलीचा हात धरून फाटकाबाहेर गेले.

याला आता बरेच महिने झाले. ज्योती रविवारी येऊन मला झाडते, पुसते. शेजारच्या शकुबाई विचारतात, "बाबा कसे आहेत?" ती सांगते, "बरे आहेत. डॉक्टर चांगला मिळाला, पण उशीर झाला होता. दिवसभर खुर्चीत बसून असतात. चहा मागतसुद्धा नाहीत. हातात दिला तर पितात." स्वतःचा चहा स्वतः करणारा माझा माणूस! शकुबाई पदराने डोळे टिपतात आणि ज्योती पुन्हा माझा ओटा पुसू लागते. त्या ओट्यावर पुसण्यासारखं काही सांडलेलं नसतं.

मित्रांनो, जुन्या गाडीची काळजी घ्या, असं मी तुम्हाला सांगणार होते. गंज काढा, तेलपाणी बघा, हे तर आहेच. पण माझी खरी विनंती दुसरी आहे. तुमच्या घरात कोणी आजी-आजोबा असतील, तर त्यांचे डोळे तपासून आणा. "मला सगळं दिसतं" म्हणाले तरी आणा. आणि त्यांची खोली, त्यांचं कपाट, त्यांची एखादी मोडकी खुर्ची बदलायची असेल, तर त्यांना गावाला पाठवून बदलू नका. ते समोर असताना, त्यांना विचारून बदला. एखाद्या फळीवर कोणी खाचा केलेल्या दिसल्या, तर त्या कशासाठी केल्या ते त्यांनाच विचारा. मला हे सगळं ठाऊक होतं आणि मी उभी राहून पाहत होते, कारण मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं. आज घरी गेल्यावर विचारा.